चाळीस मीटरांवरचं शेकरू

तुमच्या मोबाइलमध्येही असा एक फोटो असणार. हिरवंगार झाड, मागे डोंगर, आणि फांद्यांच्या गर्दीत कुठेतरी एक तांबूस ठिपका. आपण उत्साहानं तो दुसऱ्याला दाखवतो. तो डोळे बारीक करतो, स्क्रीनवर दोन बोटं फाकवतो, आणि शेवटी विचारतो, "कुठंय?"

माझा असा फोटो शिवथरचा आहे. ठिपका आहे शेकरूचा, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याचा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर लांबीचा हा देखणा जीव मी डोळ्यांनी स्पष्ट पाहिला होता. मोबाइलला तो दिसला नाही असं कसं झालं?

घरी येऊन गणित मांडलं आणि थक्क झालो. शेकरू माझ्यापासून साधारण चाळीस मीटरांवर होतं. शेपटी सोडून त्याचं अंग धरू चाळीस सेंटिमीटर. मोबाइलच्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, असतं जेमतेम सहा मिलिमीटर. या तीन आकड्यांवरून आतल्या सेन्सरवर पडलेल्या शेकरूच्या प्रतिमेची लांबी निघते ०.०६ मिलिमीटर. आपल्या डोक्याचा एक केस साधारण तेवढाच जाड असतो. दोन किलोंच्या आसपास वजनाचा, झाडाझाडांवरून सहा-सहा मीटर उड्या मारणारा प्राणी माझ्या मोबाइलनं एका केसाच्या जाडीत सामावून घेतला होता! ठिपका का होईना, दिसला हेच विशेष.

त्याला केसाच्या जाडीतून बाहेर काढायचं कसं? त्यासाठी माणसानं जी वस्तू घडवली, तिच्यात मी त्यानंतर पुरता अडकलो. टेलिफोटो लेन्स. दुकानात ती एक काळी, जड नळी दिसते. पण तिच्या आत जे चालतं ते शिवथरच्या दरीत उभं राहून समजून घेण्यात फार मजा आहे, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक चमत्काराचा भाऊबंद त्या दरीतच सापडतो.

महाडहून वरंध घाटाच्या बाजूला निघालं की डोंगर दोन्हीकडून जवळ यायला लागतात. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावं, आणि कुंभे शिवथरच्या डोंगरात ती प्रसिद्ध घळ. समर्थ रामदासांनी इथंच दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं परंपरा मानते. घळीशेजारून धबधबा कोसळतो. १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, त्या जावळीच्या मुलखातलं हे रान. तेव्हा ते किती दाट असेल याची कल्पना आजच्या उरल्यासुरल्या झाडीतून फिरतानाही येते. भेकर आहे, रानडुक्कर आहे, काळतोंडी वानरं आहेत, बिबट्या आहे. आणि वरच्या मजल्यावर, जमिनीवर फारसं कधी न उतरणारं शेकरू.

घळीत शिरून पाठ खडकाला टेकून बसा. आत अंधार, एका बाजूनं उजेड. 'कॅमेरा' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच खोली. पूर्वी अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडून समोरच्या भिंतीवर बाहेरचं उलटं चित्र बघायचे, त्यावरून हे नाव आलं. तुमच्या हातातला कॅमेरा म्हणजे एक इवलीशी घळ आहे. तिच्या तोंडाशी कोणतं भिंग बसवायचं, एवढाच प्रश्न.

लहानपणी भिंगानं कागद जाळला असेलच. भिंग वरखाली करत करत उन्हाचा ठिपका अगदी बारीक झाला की कागदातून धूर निघायचा. तो ठिपका म्हणजे काय, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ते सूर्याचं चित्र असतं! आणि भिंगापासून त्या ठिपक्यापर्यंतचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. हे अंतर जितकं मोठं तितकं सूर्याचं चित्र मोठं. पन्नास मिलिमीटरच्या भिंगात सूर्य जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, चारशेच्या भिंगात पावणेचार मिलिमीटरचा. शेकरूलाही हाच नियम लागू. चारशे मिलिमीटरच्या लेन्सनं चाळीस मीटरांवरचं शेकरू सेन्सरवर चार मिलिमीटरचं होतं, म्हणजे तांदळाच्या लहान दाण्याएवढं. केसाच्या जाडीपासून तांदळाच्या दाण्यापर्यंत! त्या दाण्यात मिश्या दिसतात, नखं दिसतात, कानावरचे केस दिसतात.

पण चारशे मिलिमीटरचं साधं भिंग वापरायचं तर नळीही चाळीस सेंटिमीटरची हवी. सहाशेचं असेल तर साठ. असं लाकूड उचलून घळीच्या वरची चढण कोण चढणार? प्रत्यक्षात मात्र चारशेची लेन्स पंचवीसेक सेंटिमीटरची असू शकते. उरलेलं अंतर गेलं कुठे?

हे कोडं सोडवायला वरंध घाट मदतीला येतो. समजा, भोरकडून एक वाट घाटमाथ्यावरून सुटते आणि तीव्र उतारानं खाली झेपावते. तशीच राहिली तर लगेच पायथा गाठेल. पण मध्येच कुणीतरी तिचा उतार सौम्य करतो आणि पुढचा पल्ला ती निवांत उतरत येते. आता पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला फक्त हा शेवटचा सौम्य उतार दिसतोय, वरचं काही दिसत नाही. तो मनातल्या मनात तोच उतार मागे वाढवत नेतो आणि म्हणतो, एवढ्या हळू उतरत येणारी वाट माथ्यावरून निघाली असेल तर माथा फार फार मागे असला पाहिजे. प्रत्यक्षात माथा जवळच आहे. त्याला उतारानं फसवलं.

टेलिफोटो लेन्समध्ये हेच घडतं. पुढचं बहिर्गोल भिंग प्रकाशकिरणांना झपकन आत वळवतं, ती तीव्र उतरण. मग मागचं अंतर्गोल भिंग त्यांना जरा पसरवतं, उतार सौम्य करतं. सेन्सर म्हणजे पायथ्याचा माणूस. त्याच्यापर्यंत किरण इतक्या हलक्या उतारानं पोचतात की त्याच्या दृष्टीनं पुढचं भिंग चाळीस सेंटिमीटर दूर आहे. आहे मात्र फूटभराच्या आत. गॅलिलिओनं आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीतही पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल अशीच जोडी होती. पण ती जोडी फोटोच्या कॅमेऱ्यात नीट बसवायला १८९१ उजाडावं लागलं. आणि तेव्हा ती लंडनमध्ये थॉमस डालमेयर, जर्मनीत आडोल्फ मीथे आणि आडोल्फ श्टाइनहाइल अशा तिघांना जवळजवळ एकाच सुमाराला सुचली. पावणेतीनशे वर्षं समोर असलेली गोष्ट एकाच वर्षी तिघांच्या हाती लागावी!

घळीशेजारच्या धबधब्यावर कोवळं ऊन पडलं की तुषारांत इंद्रधनुष्य उभं राहतं. आपण खूश होतो. लेन्स घडवणाऱ्याच्या कपाळावर मात्र आठी पडते. पाण्याच्या थेंबातून जाताना निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळतो, म्हणून तर रंग वेगळे होतात. काचेतही तेच होतं. परिणामी शेकरूच्या प्रत्येक केसाला जांभळी किंवा हिरवी किनार येते, आणि लेन्स जितकी लांब तितकी ती किनार जास्त खुपते. यावर उपाय सापडला एका खनिजात, फ्लुओराइटमध्ये. त्यातून जाताना रंग फारच कमी फाकतात. पण निसर्गात लेन्सएवढा मोठा आणि निर्दोष स्फटिक मिळणं अतिशय दुर्मीळ. मग माणसानं तो भट्टीत हळूहळू वाढवला, आणि १९६९ साली कॅनननं असं भिंग घातलेली ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. पुढे तसेच गुण असलेल्या खास काचाही आल्या. जंगलातल्या एका लवेची कड शुद्ध दिसावी म्हणून माणसानं स्फटिकाची शेती केली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

आता प्रकाशाकडे येऊ. रानात शिरल्यावर डोळ्यांना सावली सुखावते आणि कॅमेरा कासावीस होतो. दाट सदाहरित झाडीच्या छताखाली उन्हाचा एक-दोन टक्के भागच पोचतो. तेवढ्यात चित्र काढायचं. पागोळ्यांचं पाणी धरायला तुम्ही तांब्या ठेवाल की परात? जितकं तोंड रुंद तितकं पाणी जास्त. लेन्सचंही तसंच. म्हणून सहाशे मिलिमीटरच्या मोठ्या लेन्सचं पुढचं भिंग तब्बल पंधरा सेंटिमीटर रुंद असतं, छोट्या ताटलीएवढं. ते पाहिलं की लोकांना तोफ आठवते. मला परात आठवते. छतातून ठिबकणारा उजेड थेंबथेंब गोळा करणारी.

ही परात हातात धरायची, आणि तीही स्थिर! इथं मला आयुष्यातलं एक मोठं आश्चर्य भेटलं. सेन्सरवर चित्राचे जे बारीक चौकोन असतात, पिक्सेल, त्यातला एक साधारण सहा हजारांश मिलिमीटरचा. चारशेची लेन्स कॅमेऱ्यासकट फूटभर लांब धरली, तर तिचं पुढचं टोक किती हललं म्हणजे चित्र एका पिक्सेलनं सरकेल? उत्तर येतं साडेचार हजारांश मिलिमीटर. केसाच्या जाडीचा पंधरावा भाग! तुमचं हृदय एकदा धडकतं तेव्हा हात याच्या कितीतरी पट हलतो. पहिल्यांदा लांब लेन्समधून शेकरू पाहिलं तेव्हा ते एका ठेक्यात थरथरत होतं. मला वाटलं घाबरलंय. बऱ्याच वेळानं उमगलं, ती माझी नाडी होती. चाळीस मीटरांवरच्या प्राण्याच्या अंगावर मला माझ्याच हृदयाचे ठोके दिसत होते.

जुना उपाय म्हणजे टेकू. कोपरं बरगड्यांना घट्ट, पाठ झाडाला, श्वास अर्धा सोडून थांबवलेला. कापडी पिशवीत किलो-दीड किलो वाल भरायचे, पिशवी खडकावर ठेवायची, लेन्स तिच्यात रुतवायची. रायगडात वालाला तोटा नाही, आणि ही पिशवी महागड्या तिवईइतकं काम करते.

नवा उपाय मात्र थेट आभाळातून आलेला आहे. लेन्सच्या आत डोळ्यांना न दिसणारे, सतत झुलणारे चिमुकले काटे असतात. लेन्स जरा जरी वळली तरी झुलणारा काटा आपली दिशा सोडून किंचित कडेला सरकतो. वळत्या गोष्टीवर सरळ जाऊ पाहणाऱ्याला असा कडेला ढकलणारा जो परिणाम, त्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. काटा किती सरकला यावरून लेन्स किती वळली ते कळतं, आणि त्याच क्षणी आतलं एक तरंगतं भिंग चुंबकांच्या ओढीनं उलट दिशेला सरकवलं जातं. सेकंदाला शेकडो वेळा! चित्र जागच्या जागी. कॅमेऱ्याच्या सुट्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा आली १९९५ साली.

आता जरा मान वर करा. उन्हाळ्याच्या अखेरीस विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून वारे निघतात. मुळात ते आग्नेयेकडून वाहत असतात. विषुववृत्त ओलांडून उत्तरेला आले की फिरणारी पृथ्वी त्यांना उजवीकडे वळवते, आणि ते नैर्ऋत्येकडून थेट सह्याद्रीवर येऊन आदळतात. वळवणारा परिणाम कोणता? तोच, कोरिऑलिस. या वाऱ्यांच्या पोटातलं पाणी इथं रितं होतं. वर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्या पावसावर हे रान वाढतं आणि रानावर शेकरू जगतं. म्हणजे ज्या परिणामानं शेकरूला घर दिलं, त्याच परिणामानं माझ्या हातातलं शेकरूचं चित्र स्थिर केलं. एक आभाळाएवढा, दुसरा वाळूच्या कणाएवढ्या चिपवर. नियम एकच. हे कळल्यापासून लेन्सवरचं ते छोटं बटण दाबताना मला दरवेळी ढगांची आठवण होते.

फोकसची गंमत थोडक्यात सांगतो, कारण ती तुमच्या डोळ्यांतच आहे. एक बोट नाकासमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. बोट जितकं जवळ तितकी उडी मोठी. कॅमेराही लेन्सच्या डाव्या आणि उजव्या कडेनं आलेली दोन चित्रं ताडून पाहतो. ती एकमेकांवर तंतोतंत बसली की फोकस जमला. नाही बसली तर किती आणि कोणत्या बाजूला चुकली यावरून भिंग कुठं सरकवायचं ते एका फटक्यात कळतं. आजचे कॅमेरे पानांच्या गर्दीतून प्राण्याचा डोळा नेमका हुडकतात. कातकरी वस्तीतले एक मामा माझ्यासोबत रानात येतात, ते ही करामत पाहून हसले. त्यांनी डोळा दिसायच्या आधी फांदीच्या हलण्यावरून शेकरू ओळखलं होतं. "वाऱ्यानं हाललेली फांदी लगेच थांबत नाय. हिनं एकदाच मान टाकली," ते म्हणाले. असं यंत्र अजून मी कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही.

आणि फोकस जमला म्हणजे सगळं जमलं, असंही नाही. शेकरूंसाठी प्रसिद्ध असलेलं भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झालं. तिथली काही शेकरं माणसांना बरीच सरावली आहेत. एकदा एक शेकरू अवघ्या दहा मीटरांवर आलं. मी आनंदानं फोटो काढले. डोळा कसा लखलखीत आलेला, आणि शेपटी मात्र धुक्यात बुडालेली. का? इतक्या जवळ चारशेच्या लेन्सला पुढंमागं मिळून जेमतेम एकवीस सेंटिमीटरांचा पट्टा धारदार दिसतो. वीतभरसुद्धा नाही. शेकरू मीटरभर लांब. त्याच्या मागे डोंगर असेल तर तो तर पार विरघळून रंग होतो. जवळ जाण्याचा हाही एक तोटा, जो मला त्याआधी ठाऊक नव्हता.

उडीचं काय? सहा मीटरांची झेप. वेग सेकंदाला सहा मीटर धरला तर सेकंदाच्या हजाराव्या भागात शेकरू सहा मिलिमीटर पुढं जातं. चित्रात ते दहा पिक्सेलांनी फराटतं. चार हजारावा भाग वापरला तर अडीच पिक्सेल. तेवढ्या क्षणात येणारा प्रकाश किती, आणि तो रानाच्या छताखालचा! म्हणून उड्यांचे चांगले फोटो उघड्या जागी, दोन झाडांमधल्या आभाळाच्या फटीत मिळतात. मी अशा एका फटीसमोर तीन सकाळी बसलो. तिन्ही सकाळी शेकरू माझ्या मागच्या झाडांवरून गेलं.

पण रंगानं मला सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकलं. पुस्तकांत शेकरू गडद तांबडं-तपकिरी, पोट मलईसारखं, शेपटी फिकट. एवढा भडक प्राणी लपतो कसा? रानात गेल्यावर पाहावं तर ते काळपट दिसतं. उत्तर पानांत आहे. पानं सूर्यप्रकाशातला लाल आणि निळा भाग खाऊन टाकतात आणि हिरवा बराचसा सोडून देतात. त्यामुळं छताखाली सांडतो तो उजेड हिरवट. तांबडी वस्तू तांबडी दिसायला लाल प्रकाश तरी हवा ना! तो पानांनी आधीच गिळलेला. म्हणून तांबडं शेकरू सावलीत काळोखाचा तुकडा होतं, आणि फिकट शेपटी कवडशासारखी वाटते. मग अचानक छतातून एक खराखुरा कवडसा त्याच्या पाठीवर पडतो. एका क्षणात तो काळा तुकडा पेटतो. कोकमाच्या पिकल्या फळाचा रंग! कवडसा सरकला की पुन्हा विझतो. फोटोग्राफर तासन् तास कशाची वाट बघतात असं लोक विचारतात. याची.

रात्री मात्र ही लांब नळी कामाची नाही. शिवथरच्या बाजूची उदमांजरं, साळिंदरं, सशाएवढं इवलं पिसोरी अंधारात फिरतात. त्यातल्या उदमांजरासारख्या प्राण्यांच्या डोळ्यांच्या तळाशी आरशासारखा पडदा असतो, निसटलेला प्रकाश परत फिरवून पुन्हा वापरणारा. विजेरीत डोळे चमकतात ते त्यामुळं. अशा प्राण्यांसाठी वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियननं शंभर वर्षांपूर्वी वेगळीच युक्ती केली. रानवाटेवर तार लावायची. प्राण्याचा पाय लागला की कॅमेरा आपोआप चालायचा, माणूस तिथं नसायचाच. १९२७ साली त्याचं वाघांच्या फोटोंचं पुस्तक निघालं. आजचे कॅमेरा ट्रॅप त्याच घराण्यातले.

त्याच्याही आधी काय होतं? शेकरूला शास्त्रीय नाव दिलं १७७७ साली एर्क्सलेबेन या जर्मन निसर्गतज्ज्ञानं. इकडच्या सह्याद्रीतल्या शेकरूचं वर्णन १८३१ साली छापलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या विल्यम साइक्सनं, आणि त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर एलफिन्स्टन यांचं नाव जोडलं. त्या काळात एखादा प्राणी नीट पाहायचा म्हणजे तो मारून टेबलावर ठेवायचा. दात मोजायला, शेपटी मोजायला, रंग टिपायला दुसरा मार्गच नव्हता. जवळून पाहणं आणि मारणं या दोन गोष्टी जवळजवळ एकच होत्या. त्यांना वेगळं केलं ते भिंगानं.

हेदीगर नावाचे एक स्विस प्राणितज्ज्ञ होते. त्यांनी एक साधी पण खोल गोष्ट मांडली. प्रत्येक रानटी प्राण्याभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं. तुम्ही वर्तुळाबाहेर आहात तोवर तो चरतो, खातो, पिलांना चाटतो. पाऊल आत पडलं की तो पळतो. शेकरूचं वर्तुळ भीमाशंकरच्या वर्दळीत लहान होतं, शिवथरच्या रानात बरंच मोठं. आत शिरलात तर आधी ते फांदीला चिकटून गोठतं. मग खडखडाटासारखा धोक्याचा आवाज काढतं, आणि सगळं रान सावध होतं. वानरं दचकतात, खाली भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. तुम्ही एकच पाऊल जास्त टाकलेलं असतं.

मला वाटायचं, लेन्स प्राण्याला जवळ आणते. आता तसं वाटत नाही. तिच्यातली सगळी कारागिरी, ती उतरणीची फसवणूक, भट्टीत वाढवलेला स्फटिक, झुलणारे काटे, परातीएवढं भिंग, हे सगळं मला चाळीस मीटरांवर थांबता यावं म्हणून आहे. पुढं जायची गरजच पडू नये म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत पहाटे मामांसोबत घळीच्या वरच्या वाटेनं चढलो. ओढ्याकाठी एक जुना उंबर. त्याच्या शेजारच्या झाडावर, बारीक फांद्यांच्या शेंड्याकडे, काटक्यापानांचं मोठं घरटं. अशी अनेक घरटी एकेक शेकरू बांधतं, आणि तीही नेमकी तिथं, जिथं बिबट्याच्या वजनानं फांदी मोडेल. मी वालाची पिशवी खडकावर ठेवली, लेन्स रुतवली आणि थांबलो. सूर्य घाटमाथ्यावर यायला वेळ लागला.

शेकरू आलं ते आवाज न करता. उंबराच्या आडव्या फांदीला मागचे दोन पाय अडकवून ते उलटं लोंबकळलं, शेपटी पलीकडे तोलाला सोडली, आणि पुढच्या दोन हातांत उंबर धरून खाऊ लागलं. व्ह्यूफाइंडरमध्ये त्याचे जबडे हलताना दिसत होते. एक कवडसा खांद्यावरून पाठीवर गेला आणि पाठ पेटली. मी बटण दाबलं.

नंतर तो फोटो मोठा करत करत डोळ्यापर्यंत गेलो. सेंटिमीटरभराचा डोळा, चित्रात सोळा-सतरा पिक्सेल रुंद. त्या काळ्या चौकोनांत एक पांढरा. छतातल्या फटीतून दिसणारं आभाळ होतं ते. आठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेला उजेड, शेकरूच्या डोळ्याला शिवून, शेवटचे चाळीस मीटर सेकंदाच्या एका कोट्यंशापेक्षा थोड्या जास्त वेळात पार करून माझ्या परातीत पडलेला.

तेव्हा मात्र मी स्क्रीन पाहिली नाही. उंबराचे तुकडे खाली पाचोळ्यावर टपटप पडत होते, एकामागून एक. मी मामांच्या कानाशी कुजबुजलो, "आपण इथं आहोत हे त्याला कळलंच नाही बघा."

मामांनी मान हलवली. "कळलंय त्याला. मगाशीच कळलंय. आपण हितंच थांबलो, म्हणून खातंय."